नागपुरातल्या मेंदूच्या डॉक्टरांना आणि हॉस्पिटलवाल्यांना खुलं पत्र : डिस्चार्ज कार्डावर बोलण्याचंही लिहा

प्रति,
नागपुरातले सगळे न्यूरोलॉजिस्ट, फिजिशियन, आयसीयूतले डॉक्टर, वॉर्डातल्या सिस्टर आणि हॉस्पिटल चालवणारे,

सप्रेम नमस्कार.

सरळ मुद्द्यावर येते. लकव्याचा पेशंट तुमच्याकडून घरी जातो तेव्हा त्याच्या कार्डावर रक्त पातळ करायची गोळी असते, बीपीची असते, कोलेस्टेरॉलची असते, मीठ कमी खा असतं, फिजिओथेरपी असते, पंधरा दिवसांनी दाखवायला या असतं. आणि त्या माणसाचं बोलणं गेलेलं असतं त्याबद्दल एक ओळ नसते. आमच्या कार्डावर नव्हती, आणि नंतर ओळखीतल्या, वेटिंग रूममध्ये भेटलेल्या लोकांची जी जी कार्डं मी मागून मागून पाहिली त्यातल्या बहुतेकांवर नव्हती. माझी मागणी एवढीच आहे की ती ओळ लिहा. आजाराचं नाव लिहा, अफेजिया, मराठीत वाचाघात, त्याच्याखाली स्पीच थेरपी लिहा, कोणाकडे आणि कधी जायचं ते लिहा, आणि सुट्टी द्यायच्या आधी पाच मिनिटं बसून घरच्यांना आणि पेशंटला, हो पेशंटलाही, सांगा की नेमकं काय झालंय.

माझ्या मिस्टरांचं इतवारीत किराण्याचं दुकान आहे. दिवसभर त्यांचं तोंड चालू, गिऱ्हाईकाशी मराठीत, व्यापाऱ्याशी हिंदीत, हमालांशी वऱ्हाडीत. एका सकाळी शर्टाची बटणं लावता लावता उजवा हात खाली पडला, तोंड वाकडं झालं नि जे काही बोलले ते कोणालाच कळेना. शेजारच्या पोराने लगेच गाडी काढली म्हणून साडेचार तासांच्या आत पोचलो, सिटी स्कॅन झाला, गुठळी विरघळवायचं इंजेक्शन मिळालं. आज ते स्वतःच्या पायाने चालतात, जिना चढतात, ते त्या धावपळीमुळे, आणि त्यासाठी तुम्हा लोकांचे आभार मानावे तेवढे कमी आहेत, हे मी मनापासून लिहिते. म्हणूनच पुढचं सांगायची हिंमत करून राहिली आहे, कारण जे डॉक्टर मिनिट मिनिट मोजून मेंदू वाचवतात त्यांनी बोलण्याचं काम असं अर्ध्यावर सोडावं हे मला पटत नाही.

हॉस्पिटलचं नाव घेत नाही, कोणाची तक्रार करायला बसलेली नाही. फक्त वॉर्डात काय झालं ते सांगते. दोनतीन दिवसांनी त्यांच्या तोंडून पहिला शब्द निघाला, पाणी. आम्ही खुश, देवापुढे साखर ठेवली. मग दिवसभर पाणीच. उशी पाहिजे तरी पाणी, लाईट डोळ्यावर येतोय तरी पाणी, लघवीला लागली तरी पाणी. सिस्टर बिचारी फीडिंग कप घेऊन यायची, हे मान जोरजोरात हलवायचे नि तोंडातून परत पाणी, शेवटी चिडून कप ढकलून दिला, चादर ओली, सगळे वैतागलेले. फाईलमध्ये काय लिहिलं गेलं तर पेशंट कन्फ्यूज्ड, सहकार्य करत नाही. ते कन्फ्यूज्ड नव्हते हो. काय पाहिजे ते त्यांना पक्कं माहीत होतं, निघणारा शब्द दुसरा होता, आणि तो चुकीचा निघतोय हेही कळत होतं म्हणून तर राग येत होता. अफेजियात मेंदू असा एका शब्दावर अडकतो आणि तोच तोच बाहेर येत राहतो, हे आम्हाला फार पुढे स्पीच थेरपिस्ट मॅडमनी समजावलं. वॉर्डातच कोणी बोललं असतं तर उशाशी चार चित्रं चिकटवली असती, लघवीचं भांडं, उशी, लाईट, दुखतंय, त्यांनी डाव्या हाताने बोट ठेवलं असतं आणि काम झालं असतं.

हो आणि नाहीचंही तसंच. राउंडला साहेब येतात, दुखतंय का, हो. झोप लागली का, हो. जेवले का, हो. चला पुढचा बेड. या हो वर विसंबू नका, कृपा करून. अफेजियाच्या माणसाच्या तोंडून हो च्या जागी नाही आणि नाही च्या जागी हो सर्रास निघतं. अंगठा वर की खाली ते विचारा, तोच प्रश्न उलटा फिरवून विचारा, चेहरा बघा, आणि उत्तराला थोडा टेम द्या, दहा सेकंद गप्प राहायला डॉक्टरला जड जातं पण पेशंटला तेवढे लागतातच. कोणत्या कागदावर अंगठा घेताना तर हे आधी करा.

आता आजार काय आहे हे मी तुम्हाला काय सांगणार, तुम्ही एमबीबीएसला शिकलेत. १८६१ साली पॅरिसमध्ये पॉल ब्रोका या डॉक्टरने ज्या पेशंटवरून मेंदूतली बोलण्याची जागा दाखवली तो माणूस फक्त टॅन एवढंच बोलायचा, पण समोरच्याचं बरंच काही त्याला समजायचं. १८७४ मध्ये कार्ल वेर्निकेने दुसरी तऱ्हा मांडली, ज्यात बोलणं धडाधड चालू असतं पण त्याला अर्थ नसतो आणि दुसऱ्याचं बोलणं नीट डोक्यात शिरत नाही. पुस्तकातलं हे ज्ञान दीडशे वर्षं जुनं झालं तरी पेशंटच्या घरी अजून पोचलेलं नाही, ही माझी तळमळ आहे. घरी काय पोचतं, तर जीभ जड झाली. मग आजी वेखंड उगाळून चाटवते, कोणी मधाने जीभ चोळतं, कोणी शंख फुंकायला लावतं. जीभ जड होणं वेगळं, त्यात शब्द बरोबर असतो नि उच्चार बोबडा होतो. अफेजियात शब्दच सापडत नाही, वाचणं जातं, लिहिणं जातं, म्हणून बोलता येत नाही तर लिहून दाखवा म्हणून हातात पेन देणाऱ्यांनाही काही मिळत नाही. आणि ऐकू येत नाही असं समजून कानात ओरडणारे पाहुणे तर रोजचेच.

दुसऱ्या तऱ्हेच्या पेशंटचे हाल तर याहून वाईट. थेरपीच्या ठिकाणी उमरेडकडच्या एक काकू यायच्या. हातपाय ठणठणीत, लकव्याची काहीच खूण नाही, आणि बोलणं एकसारखं चालू, चाल अगदी आपल्या बोलण्याची, हसणं, हातवारे, सगळं बरोबर, फक्त शब्द भलतेच. घरच्यांना वाटलं डोक्यावर परिणाम झाला, बाहेरचं काही लागलं, तिकडे एका मांत्रिकाकडे नेऊन आणलं, मग मानसोपचारवाल्याकडे, आणि मग कोणीतरी एमआरआय करा म्हटलं तेव्हा मेंदूच्या डाव्या बाजूला स्ट्रोक, म्हणजे मेंदूचा रक्तपुरवठा बिघडून येतो तो झटका, निघाला. त्या बाईला गावात वेडी म्हणून राहिले होते लोक. स्ट्रोक झालेल्या साधारण दर तिघांतल्या एकाला सुरुवातीला अफेजिया असतो, तुमच्या ओपीडीत बसून हिशोब करा म्हणजे विदर्भात किती घरं अशी असतील ते कळेल.

स्पीच थेरपीने खरंच काही होतं का, असं एका डॉक्टरांनीच मला तोंडावर विचारलं होतं. होतं. मी डोळ्यांनी पाहिलंय ते आधी सांगते. मॅडम टेबलावर चमचा, किल्ली, कंगवा ठेवायच्या. हे काय. मिस्टर बघत राहायचे, ओठ हलायचे, काही नाही. मग त्या म्हणायच्या, पोहे कशाने खाता. तरी नाही. मग च, एवढंच तोंड करून दाखवायच्या, आणि ह्यांच्या तोंडून पटकन चमचा. शब्द आत होता, त्याला फक्त धक्का पाहिजे होता. पुढच्या वेळी च शिवाय, नुसत्या पोह्यांवर, त्याच्या पुढच्या वेळी तेही नाही. गंमत बघा, गणपतीची आरती पूर्ण म्हणायचे, दोनाचा पाढा धडधडीत, आणि मुलं किती विचारलं तर गप्प. मग मॅडमनी शिकवलं, एकपासून मोजायला सुरू करा नि पाहिजे तिथे थांबा. एक, दोन, आणि थांबले. दोन. दोन मुलं. आमचा लहाना तिथेच बसला होता, रडायलाच लागला. आरती, पाढे, वार, हे तोंडपाठ बोलणं बऱ्याच पेशंटमध्ये शाबूत राहतं आणि जाणकार थेरपिस्ट त्यालाच धरून पुढे नेतात. सुरात म्हणवून घ्यायची एक पद्धत तर अमेरिकेत १९७३ पासून आहे.

माझ्या डोळ्यांवर विश्वास नसेल तर तुमच्या जर्नलवर ठेवा. २०१६ च्या कॉक्रेन आढाव्यात, म्हणजे जगभरच्या चाचण्या एकत्र करून तपासतात त्यात, ५७ चाचण्या आणि ३००० हून जास्त लोक होते, निष्कर्ष हाच की स्पीच थेरपी घेणाऱ्यांना फायदा होतो. २०१७ मध्ये लॅन्सेटमध्ये जर्मनीचा अभ्यास आला, १५६ पेशंट, सगळ्यांना स्ट्रोक होऊन निदान सहा महिने उलटलेले, तीन आठवडे आठवड्याला दहा तास किंवा जास्त थेरपी दिली आणि रोजच्या बोलण्यात फरक पडला, नुसतं थांबून राहिलेल्या गटात तसा पडला नाही. म्हणून हात जोडून सांगते, सहा महिन्यांत जे येईल ते येईल, नंतर काही होत नाही, हे वाक्य बोलणं बंद करा. सुरुवातीच्या तीन महिन्यांत सुधारणा सगळ्यात जास्त असते हे खरं, म्हणूनच तर कार्डावर ती ओळ पहिल्या दिवसापासून पाहिजे. पण त्यानंतर दार बंद होतं असं नाही. तुमच्या त्या एका वाक्याने लोक प्रयत्न सोडतात, घरचे आशा सोडतात, आणि सगळ्यात वाईट म्हणजे ते वाक्य पेशंटच्या समोर बोललं जातं, कारण त्याला काही कळत नाही असं गृहीत धरलेलं असतं.

आणि डोस लिहा ना. गोळी किती मिलिग्रॅम, दिवसातून किती वेळा, हे तुम्ही चोख लिहिता. फिजिओ रोज, असं लिहिता. स्पीच थेरपी लिहिलीच तर नुसती लिहिता, मग लोक महिन्यातून एकदा जातात नि म्हणतात काही फरक नाही. आठवड्यातून किती तास, घरी रोज किती वेळ सराव, हे थेरपिस्टला विचारून लिहा. स्पीच थेरपिस्ट गिळण्याचीही तपासणी करतात, नाकातली नळी कधी काढायची यासाठी काही ठिकाणी त्यांना वॉर्डात बोलवतातच, तर आलेच आहेत तर बोलण्याचीही तपासणी तेव्हाच करून घ्या, वेगळा खटाटोप नाही.

मला माहीत आहे तुम्ही काय म्हणाल, थेरपिस्ट कुठे आहेत तेवढे. आम्हाला पण शोधायला त्रास झाला, जे भेटले त्यातले बरेच लहान मुलांचं नि कानाच्या मशीनचं काम करणारे, मोठ्यांचा अफेजिया हाताळणारे थोडे. पण म्हणून लिहायचंच नाही असं कसं? मागणीच कागदावर येत नसेल तर मेडिकल, मेयो ही सरकारी हॉस्पिटलं असोत, मिहानचं एम्स असो की धंतोली रामदासपेठेतले प्रायव्हेट दवाखाने, कोण कशाला पद वाढवेल? तुम्ही प्रत्येक कार्डावर लिहायला लागा, लोक विचारत येतील, जागा भराव्या लागतील. नवीन पोरापोरींना पण कळेल की या कामाला नागपुरात पेशंट आहेत.

तुमच्याकडे नुसते नागपूरचे येत नाहीत. गडचिरोली, गोंदिया, भंडारा, चंद्रपूर, यवतमाळ, आणि तिकडून छिंदवाडा, बालाघाट. तो माणूस थेरपीसाठी दर आठवड्याला दोनदा एसटीने येईल का? नाही येणार. पण व्हिडिओ कॉलवर थेरपी होते, आमच्या मॅडम पावसाळ्यात कितीतरी वेळा तशीच घ्यायच्या, एक खुर्चीवर मोबाईल टेकवून ठेवायचा नि बाजूला घरचं कोणी बसायचं. एक दोन सेशन प्रत्यक्ष, बाकी फोनवर, आणि घरी करायचा सराव मराठीत किंवा हिंदीत छापून द्यायचा, एवढं जरी केलं तरी त्या घराला धरायला काहीतरी मिळेल. नाही मिळालं तर काय होतं ते पण सांगते. लोक गाडी करून राजस्थानात बुटाटीला जातात, तिथल्या देवस्थानात लकवा बरा होतो अशी श्रद्धा आहे, सात दिवस राहतात, परिक्रमा करतात. मी नावं ठेवत नाही, श्रद्धा ज्याची त्याची, आमच्या घरातूनही तो विषय निघाला होता. पण तिथे जाणाऱ्या माणसाला, तिथे जा नाहीतर नका जाऊ, पण आल्यावर स्पीच थेरपी सुरू करा, असं सांगणारं कोणीतरी हवं होतं, आणि ते तुम्ही असायला पाहिजे होतं.

भाषेचं एक. ह्यांचा पाणी नंतरचा पहिला कामाचा शब्द हिंदी निघाला, चलो. नातेवाईक म्हणायला लागले हिंदीतच बोला आता, दुसऱ्यांनी सांगितलं एकच भाषा ठेवा नाहीतर गोंधळ होईल. मॅडम म्हणाल्या, जी निघते ती निघू द्या, दोन्ही भाषा बहुतेक बरोबरीने सुधारतात, कधी एक आधी येते. नागपुरात तर एका वाक्यात दोन भाषा असणारच, त्यावर माणसाला अडवायचं कशाला? सरावाची चित्रं मात्र घरातली पाहिजेत. आम्हाला आधी जी छापील कार्डं मिळाली त्यात बर्फाचा माणूस होता, स्ट्रॉबेरी होती. आम्ही मोबाईलवर आमचेच फोटो काढले, संत्रं, सूप, पोळपाट, तराजू, दुकानातलं तेलाचं पिंप, बडी पोट्टी म्हणतात ती आमची मोठी नात. तराजूच्या फोटोवर ह्यांनी जे बोलायला सुरुवात केली ते थांबेचनात, अर्धं कळलं नाही पण बोलत होते.

मनाचंही विचारत जा. स्ट्रोकनंतर तीनातल्या एकाला डिप्रेशन येतं असं सांगतात, आणि ज्याला बोलता येत नाही त्याला कोण विचारणार कसं वाटतंय म्हणून? दिवसभर बोलणारा माणूस पाहुणे आले की आतल्या खोलीत जाऊन झोपायचा, आम्हाला वाटायचं थकवा असेल. फॉलोअपला दोन मिनिटं ह्या प्रश्नाला द्या, चेहऱ्यांची चित्रं दाखवून विचारलं तरी चालतं. आणि विचारताना माझ्याकडे बघून, हे कसे आहेत, असं नका विचारू. त्यांच्याकडे बघा. छोटी वाक्यं बोला, एका वेळी एकच गोष्ट, कागदावर दोनचार मोठे शब्द लिहून दाखवा, पण आवाज तोच ठेवा जो कोणत्याही साठ वर्षांच्या व्यापाऱ्याशी ठेवाल. लहान मुलाशी बोलल्यासारखं, बाबू आ करा, हे नको. ते आजही दुकानात बसतात, सतराच्या जागी सत्तर निघतं म्हणून आकडा कॅल्क्युलेटरवर टाकून गिऱ्हाईकाला दाखवतात, आणि हिशोब चुकत नाही.

एक कायद्याचं, जे आम्हाला दुसऱ्या एका पेशंटच्या मुलीकडून कळलं, दवाखान्यातून नाही. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आहे त्यात २१ प्रकार आहेत, त्यात वाचा आणि भाषेच्या दिव्यांगत्वाच्या व्याख्येत अफेजियाचं नाव स्पष्ट लिहिलंय. म्हणजे बोलणं कायमचं गेलेल्या माणसाला हात पाय चालत असले तरी प्रमाणपत्रासाठी अर्ज करता येतो. घरच्यांना हे माहीतच नसतं, आणि ज्याच्या कागदावर अफेजिया हा शब्दच नाही तो बोर्डापुढे जाऊन काय दाखवणार? तुमच्या एका ओळीवर एवढं सगळं अडलेलं असतं.

मी आणि आमच्यासारख्या दोनतीन घरांनी मिळून मॅडमच्या मदतीने मराठीत एक पान तयार केलंय. अफेजिया म्हणजे काय, घरी कसं बोलायचं, काय करू नये, आणि खाली थेरपिस्टचं नाव नि फोन लिहायला रिकामी जागा. मागच्या बाजूला वॉर्डात वापरायची चित्रं, लघवीच्या भांड्यासकट. हिंदीतलं पान होऊन राहिलं आहे. ज्या हॉस्पिटलला पाहिजे त्यांनी आपलं नाव टाकून छापून घ्यावं, आम्हाला पैसे नकोत, चूक असेल तर दुरुस्त करून द्या. पुढच्या फॉलोअपला येताना मी प्रती सोबत आणणार आहे आणि ओपीडीच्या सिस्टरकडे ठेवणार आहे. तुम्ही फक्त डिस्चार्ज कार्डाला ते स्टेपल करायला सांगा.

आपली नम्र,
एका पेशंटची बायको
सक्करदरा, नागपूर